पेटीवाले म्हणतात "काळी दोन", माझ्या हातात बास : कानाने शिकायचं कसं?

सुदामानगरी
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. कॉलेजात गिटार वाजवायचो, नोकरीत शिरल्यावर ती भिंतीवर टांगली गेली. मागच्या वर्षी एका मित्राची बंगळुरूला बदली झाली आणि त्याचा चार तारांचा बास (खालच्या सुरांची गिटार) माझ्या गळ्यात पडला. दोन्ही अर्थांनी.

आता कॉलनीच्या गणपतीत जुनी भावगीतं आणि हिंदी गाणी असा कार्यक्रम ठरलाय. पेटीवर एक काका आहेत, कान तिखट आणि जीभ त्याहून. ढोलक-तबल्याला बीकॉमचा एक मुलगा, दोन गायिका, एक कीबोर्ड आणि मी. कुणाकडेही कागद नसतो. काका म्हणतात, "हे काळी दोनमध्ये घेऊ," म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी हा सा, आणि भात्याला हात घालतात. मी तो काळी दोन शोधेपर्यंत ध्रुवपद संपून पीस (मधलं संगीत) सुरू झालेला असतो. घरी मूळ गाणं मोबाइलवर ऐकायला घ्यावं तर बास ऐकूच येत नाही. नेटवर टॅब, म्हणजे बोटं कुठे ठेवायची ते लिहिलेले कागद, शोधले. भावगीतांचे कोण लिहिणार!

तर विचारायचं हे, की बाकीच्यांबरोबर वाजवता वाजवता कान तयार करायची काही रीत आहे का? "रियाज करा" सोडून सांगा, ते काका रोज सांगतात.

जीरावन
भिया, काकांना तालमीआधी गरम पोहे-जलेबी खाऊ घाला. पट्टी आपोआप पांढरी एक होईल.
(जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

चौथी_तार
काळी दोनला घाबरू नका, पेटीची पट्टी बासवर एकदाच बसवून टाका. जाड दोन तारांवर, म्हणजे ई आणि ए वर, सगळा कारभार उरकतो. काळी एक म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट (दांडीवरचं चौथं घर), काळी दोन त्याच तारेचा सहावा. काळी तीन ई तारेचा दुसरा, काळी चार ई चा चौथा. बायकांची आवडती काळी पाच ए च्या पहिल्या फ्रेटवर किंवा ई च्या सहाव्यावर. पांढरी एक ए चा तिसरा, पांढरी चार ई चा पहिला. एक संध्याकाळ घरी कुणाला तरी पट्ट्या पुकारायला बसवा आणि बोट टाकत राहा. गाणं वाजवायचंच नाही, फक्त सा शोधायचा.

आता यातली खरी सोय. बासच्या तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. सा ए तारेवर घेतलात, की त्याच फ्रेटवर शेजारच्या बारीक तारेला म असतो आणि शेजारच्या जाड तारेला मंद्र (खालच्या सप्तकातला) प. हात जागचा न हलवता म, सा, प तिन्ही बोटाखाली. जुन्या गाण्यांपैकी कितीतरी याच तिघांवर निभावून जातात. वरचा प हवा असेल तर बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे.

मोबाइलचं म्हणाल तर त्याच्या स्पीकरकडून अपेक्षाच ठेवू नका. मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. तेवढासा स्पीकर इतकं खालचं काढू शकत नाही, वरचे स्वरांश तेवढे बाहेर येतात. कान झाकणारे हेडफोन घ्या. त्याहून चांगली युक्ती म्हणजे गाणं संगणकावरच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये घालायचं, आधी २५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापायचं आणि मग उरलेलं एक सप्तक वर चढवायचं. गायिका गायब होते आणि बास एकदम समोर येऊन बसतो. सत्तरच्या दशकातली राहुल देव बर्मन यांची गाणी यासाठी झकास. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवायचे, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये बासला दाबून टाकलेलं नाही.

एक सूचना, जुन्या टेपवरून आलेली गाणी पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लटकलेली असतात. तुमचा कान बिघडलाय असं समजू नका, आधी गाणं पट्टीत आणा आणि मग बसा.

सुदामानगरी
म, सा, प एकाच फ्रेटवर! इतके दिवस हातात वाद्य आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण सा वरून म ला कधी जायचं, हे चालू गाण्यात कसं कळणार? गिटारवाला असता तर त्याच्या बोटांकडे बघितलं असतं.

पेटीवाले_काका (बडोदे)
सुदामानगरी, तुमच्या काकांशी माझं जमेल असं दिसतंय.

आधी एक सांगतो, कागदाला मी नावं ठेवणार नाही. आमच्याच गावात मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा काढली, आणि आपल्या संगीतासाठी नोटेशनही तयार केलं. तेव्हा बडोद्याच्या माणसाने कागदाची टिंगल करू नये. पण तुमच्या चमूत कागद नाही, तर नाही.

पेटीकडून तुम्हाला कॉर्ड मिळणार नाही, हे लक्षात ठेवा. आमचा डावा हात भात्यावर असतो. उजवा हात गळ्यामागे धावतो, फार तर एखादा सा-प धरून ठेवतो. म्हणजे खालचा मजला रिकामाच असतो, तिथे कोण राहतं ते तुम्ही ठरवायचं. कीबोर्डवाल्याचा डावा हात मात्र नेमका तुमच्या घरात घुसतो. त्याला गोड शब्दांत सांगा की बाबा, बास आहे तोवर डावा हात उचल. सांगितलं नाहीत तर दोघांचा चिखल होतो आणि शिव्या बासला बसतात.

आता म ला कधी जायचं ते. गळ्याकडे बघा. गाणारी ओळीच्या शेवटी कुठे विसावते? तो स्वर धरा. खाली बसणारा स्वर बहुधा तिघांपैकी एक असतो, तोच स्वर, त्याच्यापासून खाली तिसरा, नाहीतर खाली पाचवा. ती ग वर थांबली तर खाली ग, सा किंवा ध. सा वर थांबली तर सा, ध किंवा म. तिन्ही हळूच वाजवून बघा, एक वाजवताच ती मान हलवेल. दुसरा वाजवलात की तिच्या भुवया सांगतील. तालमीत भुवया वाचायला शिका.

ढोलकीचा_डावा
काकांना +१. माझं क्षेत्र तालाचं, म्हणून तेवढंच बोलतो.

बासवाले स्वर शोधण्यात इतके गुंततात की कुठे वाजवायचं हेच विसरतात. स्वर चुकला तर दोन माणसांना कळतं. जागा चुकली की शेवटच्या रांगेतल्या आजीची टाळी अडखळते. केरवा तोंडाने म्हणा, धा गे ना ति, न क धि न. डाव्याचा घुमारा कुठे आहे? धा वर, गे वर आणि मग थेट धि वर, म्हणजे १, २ आणि ७. पाचव्या मात्रेला काल (म्हणजे खाली, टाळी नसलेली जागा), तिथे डावा गप्प. गिटारकडून आलेला माणूस सरसकट १ आणि ५ वर दणके देतो. पाचव्यावर खाली कुणीच नसतं, त्यामुळे तुमचा एकट्याचा धम्म उघडा पडतो.

मी माझ्या बासवाल्याला सांगतो, सा १ वर, नंतर गप्प, आणि ७ वर धि बरोबर छोटासा प, की पुन्हा सम. एकदा करून बघा, गाणं चालायला लागतं.

चौथी_तार
इथे मात्र माझी असहमती नोंदवून घ्या. निव्वळ ढोलक-तबला असेल तर तुम्ही म्हणता ते ठीक. पण हिंदी गाण्यांच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीच्या जोडीला ड्रम किंवा काँगो असायचा, आणि १-५ हीच त्या गाण्याची चाल असायची. सा-प, सा-प. ते काढून ७ वर टाकलंत तर गाण्याला भजनाची कळा येते.

ढोलकीचा_डावा
मूळ रेकॉर्डिंगमध्ये ड्रम होता, मान्य. सुदामानगरींच्या कॉलनीत आहे का? नाही. समोर जो बसलाय त्याच्याबरोबर वाजवायचं की यूट्यूबबरोबर?

दादऱ्याचंही तेच. सहा मात्रा, चौथ्याला काल. १ वर भरून वाजवा, ४ वर नुसता स्पर्श.

चौथी_तार
बरं, मधला मार्ग. ५ वर वाजवायचं, पण तार लगेच दाबून तोडायची, घुमू द्यायची नाही. नाद किती वेळ ठेवायचा हे तरी आपल्या हातात असतं ना.

ढोलकीचा_डावा
हे चालेल. लग्गी (ढोलकी-तबल्याची जलद करामत) लागली की मात्र एकच स्वर धरून गप्प बसायचं. तेव्हा आमचं दुकान उघडं असतं.

जीरावन
दोघांनी एकदा इंदूरला या. सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याच्या कीससमोर उभे राहून हा वाद मिटवू.

तारषड्ज
मी गाते, वाजवत नाही. त्यामुळे हे समोरच्या बाजूचं समजा.

चौथी_तार यांचं "सा-प, सा-प" वाचून अंगावर काटा आला. गेल्या दिवाळी पहाटेला आमच्याकडे बासला एक नवा मुलगा होता. हात चांगला, लय पक्की. मी मालकंसातलं पद सुरू केलं आणि पहिल्याच समेनंतर खालून ठणठणीत पंचम आला. मालकंसात पंचमच नाही! रे नाही, प नाही. तीच जागा सा-म वर वाजवली असती तर किती सुंदर झालं असतं, आणि वर काकांनी... सॉरी, चौथी_तार यांनी सांगितलंय तसा म तर त्याच फ्रेटवर शेजारीच होता. बोटांना सवय पडली की कान झोपतो, ती ही अशी.

यमनचं दुखणं वेगळं. मी तीव्र मध्यमावर रेंगाळते आणि खाली बासवाला शुद्ध म ला जातो, कारण "तीन कॉर्ड" त्याच्या हातात बसलेत. यमनात तिथे रे ला जा. रे, तीव्र म, ध असा छान मेळ बसतो. किंवा सा वरच थांबा, कुणी काही म्हणणार नाही. मारव्यासारख्या रागातलं गाणं निघालं तर बासने पाणी प्यायला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. :)

सुदामानगरी, तुमच्या गायिकांना गाणं सुरू व्हायच्या आधी एवढंच विचारा, "यात प आहे का? म कुठला?" आम्हाला असं विचारलेलं फार आवडतं. कुणी विचारतच नाही.

चौथी_तार
तारषड्ज ताई, मालकंसाचा मुद्दा शंभर टक्के. कान पकडतो.

खर्जप्रेमी
उशिरा येतोय, पण इंदूरचा धागा आणि खर्जाचा (खालच्या सुरांचा) विषय असताना उस्ताद अमीर खाँसाहेबांचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? १९१२ ते १९७४. इंदूर घराणं म्हणतात ते त्यांच्यापासून. वडील शहामीर खाँ सारंगिये. खाँसाहेबांचा मंद्रातला आलाप आणि झूमरा तालाची संथ लय ऐकलीत तर खालच्या स्वरांना घाई नसते हे कुणी वेगळं शिकवायला लागत नाही. बासवाल्याने हे ऐकून काय करायचं, असं कुणी विचारेल. पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार काळी एकमध्ये लावली की ती साधारण ६९ हर्ट्झवर येते. वर चौथी_तार यांनी ए तारेचा चौथा फ्रेट सांगितला ना, हुबेहूब तोच स्वर. ॲपवर तंबोरा लावा आणि त्या खर्जात आपला सा विरघळेपर्यंत नुसता वाजवत बसा. विरघळला की बास वेगळा ऐकू येत नाही, खोली तेवढी भरल्यासारखी वाटते.

दुसरं, त्यांच्या गाण्यातला मेरखंड. घेतलेल्या स्वरांच्या जेवढ्या जुळण्या होतील तेवढ्या फिरवायच्या. चार स्वरांच्या २४ होतात, सातांच्या ५०४०. सातांच्या वाटेला जाऊ नका. सा ग म प एवढेच चार घ्या. तुमच्या काकांनी पेटीवर त्यांची कुठलीही एक जुळणी वाजवायची, तुम्ही पाठ फिरवून ती आधी गुणगुणायची आणि मग बासवर काढायची. गुणगुणणं गाळू नका. जे गळ्यातून येत नाही ते बोट नुसतं चाचपडत शोधतं. बासइतकं खाली आपला गळा जाणार नाही, एक-दोन सप्तकं वरच गुणगुणा, चालतं.

काकांना हा खेळ आवडला तर त्यांची जीभही थोडी नरमेल, हा बोनस.

नवखा_कान
वाचनखूण साठवली. अवांतर प्रश्न : उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने वापरायची की एक चालतं? माझी दोन बोटं कधीच सारखी वाजत नाहीत.

चौथी_तार
डेट्रॉइटला मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन एकट्या तर्जनीने वाजवायचा. तो मुळात उभ्या डबल बासवरचा माणूस. त्याच्या ओळी अजून लोक उतरवून घेतात. तेव्हा एका बोटाने अडत नाही. जलद गाण्यांना दोन लागतील, पण दोन्हींचा आवाज सारखा येईपर्यंत लोकांसमोर नका आणू.

सुदामानगरी
काल तालीम झाली. आधी धन्यवाद, मग तक्रारी.

पट्टीचं काम झालं. काका "काळी पाच" म्हणाले आणि पेटीचा पहिला सूर यायच्या आत माझं बोट जागेवर होतं. ते बोलले काही नाहीत, पण चष्म्यावरून एकदा बघितलं. विसाव्याच्या स्वराची युक्ती संथ भावगीतांना चपखल लागू पडते. जलद गाण्यात ओळीत दोनदा बदल आला की मागे पडतो. तिथे ढोलकीवाल्याशी ठरवून टाकलं, की दोन आवर्तनं सा वर थांबायचं, ऐकायचं, तिसऱ्याला जायचं. कुणालाही कळलं नाही की मी शोधतोय. पाचव्या मात्रेचा वाद आमच्याकडेही झाला, आणि मधल्या मार्गावरच मिटला.

दोन अडचणी उरल्या. एक, तालीम गच्चीवरच्या खोलीत असते. ॲम्प कोपऱ्यात ठेवलाय, आणि काही स्वर इतके घुमतात की मी सा वाजवतोय की रे हेच मला कळत नाही. दोन, मी ट्यूनरवर काटेकोर लावून जातो, तरी पेटीबरोबर काहीतरी खुपतं. काका म्हणतात बास उतरलाय. ट्यूनर म्हणतो बरोबर आहे. दोघांशीही वाद घालायची माझी हिंमत नाही.

चौथी_तार
ॲम्प आधी कोपऱ्यातून काढा. दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगवतात, आणि सगळे सारखे फुगत नाहीत, खोलीच्या मापाला जुळणारेच फुगतात. भिंतीपासून लांब घ्या, खुर्चीवर चढवा, तोंड स्वतःच्या कानाकडे करा. बेसचं बटण कमी करून मधले स्वर थोडे वाढवा. मांडवात गोंगाट असेल आणि काहीच ऐकू येत नसेल तर बासच्या अंगाचं वरचं शिंग हनुवटीला टेकवा, कंप थेट हाडातून कानात पोचतो. दिसायला चमत्कारिक दिसतं, पण मोठमोठे वादक असं करतात.

ट्यूनरच्या भांडणात काकांची बाजू घ्या.

पेटीवाले_काका (बडोदे)
घ्यावीच लागेल! अहो, पेटीच्या आत सूर देणाऱ्या पट्ट्या पितळेच्या, त्या घासून लावलेल्या असतात. कार्यक्रमाच्या दिवशी कान पिळून वरखाली करता येत नाहीत. कारागिराने ज्या उंचीवर लावली तिथेच ती बोलणार. पुष्कळ पेट्यांची मधली पांढरी सहा, म्हणजे ए, ४४० हर्ट्झपेक्षा जराशी चढी असते. तुमचा ट्यूनर ४४० ला प्रमाण मानतो. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये तुम्ही.

ट्यूनर खिशात ठेवा. तुमच्या काकांना खर्जातली पांढरी सहा धरून ठेवायला सांगा. तुम्ही ए तारेवर पाचव्या फ्रेटला बोट नुसतं टेकवून छेडा, बारीक घंटेसारखा स्वर निघेल. तो मोकळ्या तारेपेक्षा दोन सप्तकं वर असतो, म्हणजे पेटीच्या त्या स्वराला येऊन भिडतो. दोन्ही एकत्र ऐकलेत की आवाजात लाटा येतील, वाँव, वाँव, वाँव. तार चढवा. लाटा लांबत जातील आणि एका जागी थांबतील, तिथे खुंटी सोडा. पेटी ४४२ ला असेल तर ४४० च्या तारेशी सेकंदाला एक लाट येते, मोजून बघा. मग बाकीच्या तारा ए वरून लावून घ्या.

कीबोर्डवाल्यालाही त्याच्या मशिनात तेवढा बदल करायला सांगा, नाहीतर तुमचं काकांशी जमेल आणि त्याच्याशी फाटेल.

सुदामानगरी
हे सोनं आहे. कीबोर्डवाल्याला आत्ताच फोन केला. तो म्हणतो, असं काही करता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, मॅन्युअल शोधतोय.

तारषड्ज
कार्यक्रम कुठल्या दिवशी? अनंत चतुर्दशीला ठेवू नका, त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) सोडून कॉलनीत कोण थांबणार!

सुदामानगरी
चतुर्थीनंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी. ताई, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. यमनातलं एक आहे, तीव्र मध्यमाखाली रे टाकलाय, येऊन ऐका आणि काय वाटलं ते इथेच लिहा.

ढोलकीचा_डावा
पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). आणि ७ वरचा प विसरू नका.